मस्टर्ड गॅस : ‘वाचलो’ म्हणणाऱ्यांचं पुढे काय होतं?

इराण-इराक युद्ध १९८८ साली थांबलं. त्यात इराकने मस्टर्ड गॅस वापरला, शिवाय ताबुन आणि सरीन ही मज्जासंस्था बंद पाडणारी विषंही. इराणचे हजारो माजी सैनिक अजून त्या हल्ल्यांचे परिणाम भोगत आहेत. पण मस्टर्डने जडणाऱ्या आजाराविषयी ऐकीव गोष्टीच जास्त.

गॅस म्हटलं की तो वाऱ्यावर उडून जाणार, असं आपण धरून चालतो. मस्टर्ड (मोहरीशी त्याचं नातं फक्त वासापुरतं) मुळात तेलकट द्रव आहे. तो मातीत, बुटांत, गणवेशात मुरतो आणि ऊन तापलं की वाफ होऊन वर येतो.

‘लगेच काही झालं नाही, म्हणजे वाचलो’ हा समज याहून घातक. विष काही मिनिटांतच पेशींच्या डीएनएला चिकटतं. डोळ्यांची आग आणि अंगावरचे फोड मात्र काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतात. तोवर सैनिक त्याच कपड्यांत जेवलेला, झोपलेला असतो. सरीनवर निदान ॲट्रोपिन देता येतं. मस्टर्डवर आजही उतारा नाही. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड लागलेल्यांपैकी शंभरात दोन-तीनच दगावले. हा आकडा पाहून त्याला ‘सौम्य’ म्हणणाऱ्यांनी जगलेल्यांकडे कधी पाहिलंच नसावं.

फोड सुकले तरी फुप्फुसांचं दुखणं चालूच राहतं. टोकाकडच्या बारीक श्वासनलिका व्रण धरून आकसत जातात. याला ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात. फोड न आलेल्यांतही पुढे असा विकार आढळला आहे. छातीचा साधा एक्स-रे पुष्कळदा निर्मळ येतो, आणि मग धाप लागणाऱ्या माणसालाच ढोंगी ठरवणं सोपं जातं. श्वास पूर्ण सोडायला लावून सीटी स्कॅन काढला, तर आत अडकलेल्या हवेचे काळे डाग दिसतात. दम्याच्या पंपाने काहींना थोडा आराम पडतो, पण आकसलेली नळी पूर्ववत होत नाही.

डोळ्यांचं तर आणखी विचित्र. सुरुवातीची लाली जाते, नजर स्वच्छ होते, आणि पंधरा-वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, दृष्टी गढूळ होऊ लागते. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळ पेशी मेल्या की कॉर्नियाला स्वतःची डागडुजी जमत नाही. मग दिवसभर काळा चष्मा आणि दर थोड्या वेळाने डोळ्यांत थेंब. कॉर्निया बदलला तरी तो टिकेलच असं नाही.

या माणसांजवळ बसल्याने काही होत नाही. धोका हल्ल्याच्या दिवशीच्या न धुतलेल्या अंगाचा आणि कपड्यांचा असतो. हा फक्त सैनिकांचा आजार आहे, हेही खरं नाही : २८ जून १९८७ रोजी इराणमधल्या सरदश्त या गावावर मस्टर्डचे बॉम्ब पडले, तेव्हा बळी पडले ते नागरिक.

आणि भारतीयांचा याच्याशी संबंध नाही, असं वाटत असेल तर रावळपिंडी आठवावी. तिथे १९३०च्या दशकापासून ब्रिटिश शास्त्रज्ञांनी चाचण्यांसाठी शेकडो भारतीय सैनिकांना मस्टर्ड भरलेल्या खोल्यांत पाठवलं, काहींना तर अर्ध्या चड्डीत आणि सुती सदऱ्यात. भाजलेले काही जण इस्पितळात गेले. पुढे त्यांना कोणते आजार झाले, हे तपासायला सैन्याकडून कोणीही फिरकलं नाही.