लोहकीटाचे कण : एक अलिखित साधन

जुन्या कागदाची पारख वळण, शाई व शिक्का यांवरून करण्याची आपल्या संशोधकांस संवय आहे. जुन्या शस्त्राची पारख मात्र बहुधा बाह्य घडणीवरूनच होते. वस्तुतः घडीव लोखंडाच्या पोटांत त्याच्या उत्पत्तीची साक्ष दडलेली असते. ती म्हणजे लोहकीटाचे सूक्ष्म कण.

शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळतें. जुन्या देशी भट्टींत उष्णता बहुधा ११०० ते १२५० अंशांचीच असे. तेवढ्यानें लोहपाषाणांतील माती-वाळू वितळून कीट वाहूं लागे. लोखंड मात्र घनच राहून त्याचा सच्छिद्र गोळा बने. घणाखालीं बरेंचसें कीट निघून जाई. उरलेले कण घडणीच्या दिशेनें लांबट होऊन धातूंत अडकून राहत.

वस्तूचा कांहीं मिलिमीटरांचा तुकडा घासून गुळगुळीत केला, म्हणजे इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकानें एकेका कणांतील घटकद्रव्यें मोजतां येतात. अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, टायटॅनियम ही द्रव्यें लोखंडांत न जातां कीटांतच राहतात. त्यांच्या परस्पर प्रमाणावरून लोहपाषाण, भट्टीची माती व कोळशाची राख यांचा माग लागतो. सांधा देतांना लोहारानें टाकलेल्या वाळूचेही कण आंत शिरतात. सबब एकाच कणावर विसंबूं नये.

महाराष्ट्रांत या परीक्षेस क्षेत्र मोठें आहे. नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथें १९७८ ते १९८० च्या उत्खननांत शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांस इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकांतील लोखंडाची भट्टी कीटासह सांपडली. महाबळेश्वराच्या डोंगरांत धावड लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत जांभ्यांतील लोहपाषाण गाळीत. काळ्या कातळापासून बनलेल्या जांभ्यांत टायटॅनियम बरेंच असतें. गडचिरोलींतील सुरजागडच्या लोहपाषाणांत तें अत्यल्प. तथापि प्रमाण न जुळल्यास एखादी खाण वगळतां येते; जुळलें म्हणून तीच खाण ठरत नाहीं.

ही साक्ष सर्व लोखंडांत मिळत नाहीं. सुमारें ४ टक्के कार्बन मिसळलेलें ओतीव लोखंड ११५० अंशांच्या सुमारास पूर्ण वितळतें व कीट वर तरंगून वेगळें होतें. मुशींत वितळविलेल्या फौलादाचीही गोष्ट बहुतांशीं तीच. शीवचा किल्ला इ. स. १६६९ ते १६७७ च्या दरम्यान ऑन्जिअरच्या कारकीर्दींत बांधला गेला. तेथील जुनी तोफ ओतीव असेल, तर तींत हे कण शोधणें व्यर्थ. त्याच काळचा घडीव खिळा वा बिजागरी मात्र बोलकी ठरेल.

म्हणून संग्राहकांस विनंति, कीं मोडका खिळा वा कीटाचा खडा टाकून देऊं नये. तो आम्लानें उजळूं नये. आणि कोठें सांपडला, तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. स्थळाची नोंद नसलेला तुकडा मायना फाटलेल्या पत्रासारखाच होय.