माळावरील चंडोल : गाणे व उड्डाण यांवरून ओळख

माळावरचा लहानसा मातकट पक्षी दिसला, की मुले त्यास चिमणी म्हणतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांत, विशेषतः कंधार, मुखेड, अहमदपूर या बालाघाटाकडील भागांत, तो पुष्कळदा चंडोल असतो. आणि चंडोलांच्याही जाती निरनिराळ्या आहेत. पाठीचा रंग बहुतेकांचा मातीसारखा, त्यामुळे केवळ रंगावर विसंबल्यास फसगत होते. इंग्लंडमधील सेलबर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने १७६८ साली एकसारख्या दिसणाऱ्या तीन पक्ष्यांच्या जाती वेगळ्या केल्या, त्या प्रामुख्याने आवाजावरूनच.

डोंबारी चंडोल पंख फडफडवीत उंच चढतो, मग पंख मिटून डोके खाली करून दगडासारखा कोसळतो, लगेच सावरून पुन्हा वर उसळतो. असे हेलकावे घेत असता त्याची लांबट, बारीक शीळ ऐकू येते, आणि शेवटी तो एखाद्या ढेकळावर उतरतो. हे नाव ज्याने दिले त्याची दृष्टी मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. याच्या नराचे पोट काळे असते. मादी मात्र इतर चंडोलांत सहज मिसळून जाते.

तांबूस पंखांच्या झुडुपी चंडोलाची रीत निराळी. तो झुडुपाच्या शेंड्यावरून थोडासा वर उडतो आणि पंख ताठ उचलून, पाय लोंबते ठेवून, गात गात सावकाश खाली येतो. बहुधा त्याच शेंड्यावर.

केवळ कानावर भिस्त ठेवणेही बरे नव्हे. कर्नल साइक्स याने १८३२ साली वर्णिलेला दख्खनचा तुरेवाला चंडोल इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करतो. तेथे डोक्यावरचा तुरा पाहूनच खात्री करावी.

निरीक्षणास पावसाळ्याच्या आरंभीची सकाळ सोयीची. मुलांना बांधावरच बसवावे, कारण या पक्ष्यांची घरटी जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी किंवा ढेकळाच्या आडोशाला असतात. सहज टाकलेल्या पावलानेही अंडी फुटतात. शिवाय माणसांच्या वर्दळीमागून कावळे व कुत्री तेथवर पोचतात. तारीख, जागा आणि उड्डाणाची साधी आकृती शाळेच्या वहीत नोंदवून ठेवावी. पुढे तो माळ नांगरला गेला किंवा त्यावर झाडे लावली गेली, तर तेथून कोणता चंडोल नाहीसा झाला, हे त्या वहीवरून सांगता येईल. नुसती ‘चिमणी’ अशी नोंद असल्यास सांगता येणार नाही.