कण्हेर : हृदयाचं औषध की गुरांचं विष?

इअरफोन जवळ नसेल तर आजचा भाग इथे वाचून घ्या.

आपल्या अक्कलकोट-सोलापूर पट्ट्यात कण्हेर ओळखीची आहे. दारात, देवळाजवळ, हायवेच्या दुभाजकावर. पाणी कमी लागतं आणि कडू म्हणून गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पण या झाडात ओलिअँड्रिन नावाचं रसायन असतं, आणि ते थेट हृदयावर काम करतं.

कसं? हृदयाच्या पेशीला एक पंप असतो. दर फेरीला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करताना हा पंप सापडला. १९९७ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. ओलिअँड्रिन हा पंप अडवतं. मग पेशीत सोडियम साचतं, पाठोपाठ कॅल्शियम वाढतं, आणि हृदय जास्त जोरात आकुंचन पावतं.

मग हे चांगलंच की! थोडंसं असेल तर, हो. डिजिटॅलिस या युरोपातल्या झाडाचा असाच उपयोग विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ मध्ये लिहून ठेवला. त्याच घराण्यातलं डिगॉक्सिन आजही हृदयरोग्यांना देतात. पण गोळीत औषध किती, तर पाव मिलीग्राम किंवा त्याहून कमी! कारण औषध आणि विष यांच्यातलं अंतर फारच थोडं आहे. पंप जास्त अडला की ठोक्यांची लय बिघडते, हृदय थांबूही शकतं.

पानात असं मोजमाप नसतं. गाईच्या वजनाच्या साधारण ०.००५ टक्के सुकी पानं जीवघेणी ठरू शकतात. म्हणजे ४०० किलोच्या गाईला फक्त २० ग्रॅम, मूठभर! आणि पान सुकलं तरी विष जात नाही. उलट छाटलेल्या फांद्या वैरणीत मिसळल्या किंवा दुष्काळात चारा नसला, तर जनावर खाऊन बसतं. मग हगवण, अशक्तपणा, अडखळती नाडी. कधी तर काही कळायच्या आतच खेळ खलास.

म्हणून दोन गोष्टी. कण्हेर छाटली तर फांद्या शेळ्या-गुरांच्या वाटेवर टाकू नका. जनावराने खाल्लीच तर लगेच पशुवैद्याला बोलवा. आणि "हृदयासाठी कण्हेरीचा काढा" असा मेसेज आला तर फॉरवर्ड न करता घरच्या ग्रुपवर हा भाग पाठवा.

भेटू पुढच्या भागात!