हरळी, हिरवळ आणि मैदानाचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी ज्या तणांना भितो त्यांपैकी हरळी हे एक होय. उन्हाळ्यात शेत नांगरून, ढेकळे फोडून तिच्या काशा वेचाव्या लागतात. एखादे कांडे राहिले तरी ती पुन्हा फोफावते. पूजेच्या तबकात तिलाच दूर्वा म्हणतात आणि गोल्फच्या मैदानावर तिच्याच संकरित जाती ‘बर्म्युडा’ या नावाने मानाने नांदतात. एकीकडे जिच्या निर्मूलनासाठी मजुरी मोजावी लागते, तिलाच दुसरीकडे जगविण्यासाठी पाणी, खत आणि मजुरी खर्चावी लागते. वस्तूचे मोल वस्तूत नसून परिस्थितीत असते, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ हरळी शिकविते.

गोल्फ हा मुळात श्रीमंती खेळ नव्हता. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील समुद्रकाठची वालुकामय जमीन गावाच्या सामायिक वापराची, म्हणजे आपल्या गायरानासारखी होती. तेथे खेळण्याचा नागरिकांचा हक्क १५५२ च्या सनदेने मान्य झाला. गवत पावसाने वाढे, मेंढ्या ते चरून आखूड ठेवीत. देखभालीचा खर्च जवळपास शून्य. इंग्रजांबरोबर हा खेळ १८२९ मध्ये कलकत्त्यास आणि १८४२ मध्ये मुंबईस आला, तेव्हा तो क्लबाच्या कुंपणाआड गेला. स्कॉटलंडचा पाऊस मात्र बरोबर आला नाही. त्याची उणीव पंपाने भरून काढावी लागली. तथापि देशातील कित्येक कोरड्या गावांतील क्लबांनी हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूवर खेळ भागविला, हेही विसरता कामा नये.

हा प्रश्न केवळ गोल्फचा नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी शेजारच्या लातूरला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. सामने हलविल्याने लातूरच्या घागरी भरणार नव्हत्या, हा आक्षेप खराच होता. ज्या प्रदेशात उसाचे फड उभे राहतात, तेथे खेळपट्टीचे पाणी ते किती? परंतु ऊस असो वा हिरवळ, जे पाणी फुकटात मिळते ते जपून वापरण्याचे कारण कोणालाच उरत नाही. दोष खेळाचा नव्हे, हिशेबाच्या अभावाचा आहे.

त्याच २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्याकडे होते. २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्यांना लाभला. अठरा होल्सच्या गोल्फ मैदानास सुमारे पन्नास हेक्टर जमीन लागते. तेवढ्यात खो-खोची शेकडो मैदाने मावतील, आणि त्यांना हिरवळ लागत नाही. तरीही मैदान सपाट हवे, खडे वेचलेले हवे, धूळ बसविण्यापुरते पाणी हवे. नेमके तेच दुर्लक्षिले जाते. स्पर्धेला उद्घाटक मिळतो, मंडपाला देणगीदार मिळतो. रोज रोलर फिरविणाऱ्या माळ्याच्या पगाराला मात्र कोणी वाली नसतो. भांडवली खर्चाची कोनशिला बसते, आवर्ती खर्चाची कधी बसत नाही.

म्हणून क्लब असो की क्रीडा संकुल, तीन गोष्टी व्हाव्यात. स्पर्धा, सभा व समारंभ यांच्या भाड्यातील ठरावीक हिस्सा देखभालीसाठी वेगळा काढावा. हिरवळ ठेवायचीच असेल तर ती प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर ठेवावी. आणि वर्षाकाठी किती पाणी वापरले व किती मुले खेळली, हे दोन आकडे फाटकावर लावावेत. त्या आकड्यांवरूनच ठरेल की मैदानात वाढले आहे ती दूर्वा आहे की तण.