बिदरीतील चांदी आणि चौथा अंक

बीदरचे बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या काळ्याभोर भांड्यावर चांदीची तार जडवितात. त्या चांदीच्या प्रत्येक अणूत 47 इलेक्ट्रॉन असतात. 46 जोडीने, एक एकटा. त्या एकट्याचे पहिले तीन क्वांटम अंक 5, 0, 0 हे अनुक्रमे ऊर्जापातळी, कक्षकाचा आकार व दिशा सांगतात. चौथा अंक 'स्पिन'चा, +½ किंवा −½. जोडीतील दोघांत भेद करतो तो हाच. 1922 साली श्टेर्न व गेर्लाख यांच्या प्रयोगात चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रात दोन भागांत दुभंगला. कारण या एकट्याचे स्पिन. मात्र इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरत नाही. 'स्पिन' हे रूपक होय. रूपकाने वाट दाखवावी. त्यालाच वस्तू समजू नये, एवढेच भाषेच्या या जुन्या शिक्षकाचे सांगणे.