मुंबई-पुणे रस्त्यावरील विसावे

मुंबईहून पुण्यास जाणे याला पूर्वी प्रवास म्हणत. आता ते केवळ पोहोचणे झाले आहे. २००२ साली पूर्णपणे खुला झालेला यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा असून, नेमून दिलेल्या जागांखेरीज त्यावर कोठेही गाडी थांबविण्यास मनाई आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम रास्तच होय. परंतु त्याचा परिणाम असा झाला आहे की, ज्या वाटेने दोन हजार वर्षे माणसे थांबत थांबत वर चढली, ती वाट न पाहताच प्रवासी पुण्यास उतरतो. सुदैवाने जुना रस्ता अद्याप वाहता आहे. पनवेल, खोपोली, खंडाळा, लोणावळा, वडगाव, तळेगाव अशी गावे ओवीत तो पुण्यास जातो. या गावांची हकीकत पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, येथील विसावे कोणी हौसेखातर निवडलेले नाहीत; पुष्कळसे बोरघाटाने निवडले आहेत.

घाटाच्या पायथ्याशी खोपोली आहे. येथून खंडाळ्यास जावयाचे म्हणजे सुमारे ५०० मीटर चढावे लागते. बैल असो, घोडा असो की मोटार असो, चढणीपूर्वी पाणी आणि विश्रांती ही हवीतच. नाना फडणिसांनी येथे बांधविलेला विस्तीर्ण तलाव व त्याकाठचे महादेवाचे देऊळ आजही उभे आहे. त्या काठावर क्षणभर बसले तरी पाण्याची सोय करणे हे पुण्यकर्म का मानीत, हे समोरच्या डोंगराकडे नुसते पाहून कळते. याच डोंगराचा दुसरा उपयोग विसाव्या शतकात झाला. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून खोपोलीच्या वीजघरात वीज निर्माण होऊ लागली आणि १९१५ पासून तिने मुंबईच्या गिरण्या फिरविल्या. जो उतार बैलांना दमवीत होता, तोच यंत्रांना बळ देऊ लागला.

खोपोली सोडून जुन्या रस्त्याने वर चढू लागले की शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटातून वाट कोठून काढावी हे इंग्रज अधिकाऱ्यांस उमगेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली गुरे ज्या वाटेने चढत ती दाखविली, आणि वाट मिळाल्यावर त्याचाच जीव घेण्यात आला, अशी कथा लोक सांगतात. कागदोपत्री पुरावा मागणाऱ्यास ही कथा पुरी पडणार नाही. तथापि गाडी हाकणारे आजही तेथे नाणे टाकल्यावाचून पुढे जात नाहीत. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० साली या घाटातून गाड्यांचा रस्ता खुला केला, ही इतिहासाची नोंद. आणि वाट मूळची रानात फिरणाऱ्याची, ही लोकांची नोंद. प्रवाशाने दोन्ही ऐकाव्यात.

वर आले की खंडाळा आणि लोणावळा. राजमाचीच्या बाजूस दरीच्या तोंडाशी उभे राहिले असता समोर आगगाडीचे बोगदे दिसतात. हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. बांधकामाच्या वर्षांत अपघातांनी आणि पटकीसारख्या रोगांनी हजारो मजूर येथे मरण पावले. लोणावळ्याची प्रसिद्ध चिक्की म्हणजे मुळात या मजुरांना विकली जाणारी गूळदाणी, असे सांगतात. गूळ आणि शेंगदाणे यांपासून थोडक्या पैशांत अंगात ताकद येते, हे पाहता ती गोष्ट संभवनीय वाटते. एरवी मुलांसाठी पुडा घेऊन निघून जाणाऱ्यास एवढे ठाऊक असले तरी त्या पुड्याची गोडी वाढेल.

परंतु या वाटेवरील सर्वांत थोर विसावा पुढे आहे. लोणावळ्यापासून थोड्याच अंतरावर डावीकडे कार्ल्याची व उजवीकडे, लोहमार्गापलीकडे, भाज्याची लेणी आहेत. कोकणच्या बंदरांतून निघालेला माल घाट चढून पैठण, तेर यांसारख्या नगरांकडे जाई, त्या व्यापारी वाटेवर ही लेणी खोदली गेली. कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे मानले जाते. त्याच्या छतास बसविलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. खांबांवर व भिंतींवर दात्यांचे लेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने या शैलगृहास जंबुद्वीपात उत्तम म्हटले आहे, तर कित्येक खांब धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तर आजच्या प्रवाशाने मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. चोहो दिशांकडून येऊन येथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या योगक्षेमासाठी त्याने करजिक हे गाव दान दिले. पावसाळ्यात वाटा बंद होत, म्हणून थांबणे भाग पडे. आणि थांबलेल्या माणसाची सोय करणे हा धर्म मानला जाई. चैत्यगृहासमोरच एकवीरेचे देऊळ असून कोळी समाजाची मोठी गर्दी तेथे लोटते. लेण्याचे तोंड पश्चिमेस असल्याने उतरत्या दुपारी सूर्यकिरण थेट आत शिरतात. म्हणून सकाळी निघालेल्याने आधी भाजे पाहून मग कार्ल्यास जावे. भाज्याचे चैत्यगृह याहूनही जुने, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील मानतात.

पुढे वडगाव लागते. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून निघालेले इंग्रज सैन्य हजारो बैलांचा लबेदा घेऊन घाट चढून आले, ते तळेगावापर्यंत कसेबसे पोहोचले. गाव ओस आणि रसद नाही असे पाहून ते रात्री माघारी फिरले. जड तोफा तळ्यात टाकल्या. वडगावास मराठ्यांनी त्याला कोंडले आणि तह करणे भाग पाडले. महादजी शिंद्यांचे नाव येथे याच कारणाने आदराने घेतले जाते. ज्याला ही वाट आपली वाटत होती तो येथे टिकला. ज्याला केवळ पलीकडे पोहोचावयाचे होते तो अडकला.

एक सावधगिरी मात्र सांगावयास हवी. पावसाळ्यात या घाटाचे रूप अपूर्व होते आणि तेव्हाच तो सर्वांत धोक्याचा असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर डोंगरात झालेला पाऊस खाली उभ्या असलेल्यास दिसत नाही, आणि पाणी काही क्षणांत चढते. प्रवाहाच्या मध्यभागी उभे राहून गंमत पाहणे म्हणजे घाटाला न ओळखणे होय. वळणावर, दरडीखाली किंवा रस्त्याच्या कडेस गाडी उभी करणेही तितकेच घातक.

तेव्हा या वाटेने जाताना एक दिवस हाती ठेवावा, आणि सारेच पाहण्याचा हव्यास न धरता दोन जागा निवडाव्यात. पूर्वी घाट माणसास थांबावयास लावी. आता रस्ता थांबू देत नाही. म्हणून विसावा ही आज आपखुशीने घ्यावयाची गोष्ट झाली आहे. तास-दोन तास उशिराने पुण्यास पोहोचलेल्या कुटुंबातील मुलांस, आपण कोणत्या वाटेने आलो, हे तरी सांगता येईल.