दर्यात गेलेल्यांची नावे

दहिवली-कर्जतच्या माणसाला हुतात्म्यांचे ठिकाण विचारा, तो सिद्धगडाचे नाव घेईल. 2 जानेवारी 1943 रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात, कारण रक्त सांडले ती जमीन जागेवर आहे. युद्धात बोटीबरोबर बुडालेल्याच्या घरच्यांना असे ठिकाणच नसते. म्हणून समुद्रासमोर काही उभारले की ऋण फिटले, असे आपण धरून चालतो. ते मला पटत नाही. दीवच्या टेकडीवर आयएनएस खुकरीची प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवली आहे, समोर अरबी समुद्र. 9 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानी पाणबुडी हंगोरच्या टॉर्पेडोने ही फ्रिगेट बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. जागा भारावून टाकते, पण पाहणाऱ्याच्या मनात राहतात ते जहाज आणि त्याच्यासोबत बुडालेले त्याचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. मुल्लांचे मोठेपण निर्विवाद. बाकीचे मात्र आकड्यात उरतात.

कर्जत लोकलच्याच मार्गावर, सीएसएमटीच्या अलीकडे मशीद स्टेशन लागते. तिथल्या इंडियन सेलर्स होममधले स्मारक देखणे म्हणून कुणी पाहायला जात नाही. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक नाविकांची आठवण तिथे आहे. दुसऱ्यातल्या सुमारे 6,500 जणांची नावे एका बांधीव ग्रंथात आहेत, त्याचा जोडग्रंथ चितगावला. मिटलेले पुस्तक कोण उघडणार, हा आक्षेप खरा आहे. पण प्रतिकृतीवरून नाव पुन्हा उभे करता येत नाही. यादीवरून शिळा केव्हाही कोरता येते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: ही माणसे इंग्रजांच्या बोटींवर पगारासाठी गेली, त्यांचे कसले स्मारक? गेली पगारासाठीच. रत्नागिरीचे खलाशी, गोव्याचे खानसामे, बॉयलरपुढचे आगवाले यांनी ते युद्ध पुकारले नव्हते. टॉर्पेडो पाण्याखाली लागतो, आणि आगवाल्याची पाळी तिथेच असते. पोटासाठी गेला म्हणून मरण हलके ठरत नाही.

आपल्याकडे अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या शिळा आहेत: गावातून किती गेले, किती मेले. नाव एकाचेही नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची युद्धमृतांची यादी आता संगणकावर नावाने शोधता येते. घरातला कुणी त्या काळी बोटीवर जाऊन परतला नसेल, तर त्याचे नाव तिथे शोधा आणि ग्रामपंचायतीला द्या. शिळेवर आकड्याखाली जागा असतेच.